जेवून आलेले पाहुणे

आमचं गेस्ट हाऊस गारगोटी रस्त्याला आहे. कोल्हापुरातून निघालं की पाऊण तासात डाव्या हाताला उसाच्या मधोमध एक पिवळी भिंत आणि निळी दारं दिसतात, तेच. रंग माझ्या नवऱ्याने निवडले. तो बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनाच्या कामाला होता. एकदा जहाज दुरुस्तीला थांबलं तेव्हा कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटावर तो एका छोट्या गेस्ट हाऊसमध्ये आठवडाभर राहिला. चार खोल्या, पुढे पत्र्याखाली सहा टेबलं, आणि एक मालकीण. ती दुपारभर खुर्चीवर पाय घेऊन बसायची आणि कुणी जेवायला आलं की बसल्या जागेवरून सांगायची, आज मासा आहे.

"मासा नको असला तर?" मी विचारलं होतं.

"तर भूक लागेपर्यंत थांबायचं."

जहाजावरची नोकरी सोडून आल्यावर त्याला तसंच काहीतरी काढायचं होतं. तिथे समुद्र होता आणि इथे ऊस आहे, एवढाच काय तो फरक, असं त्याचं म्हणणं. मी तेव्हा एका मुलींच्या हॉस्टेलची रेक्टर होते. दीडशे मुलींचा नाश्ता, पाणी आणि भांडणं रोज सकाळी आठच्या आत उरकायची सवय होती. त्यामुळे आणखी कुठे कुठे फरक आहे ते मला दिसत होतं. मी राजीनामा दिला, कारण हा माणूस एकटा हे चालवणार नाही याची मला खात्री होती.

त्याला आता नऊ वर्षं झाली. पिवळा-निळा रंग बघून गावाला आधी ही बालवाडी वाटली. पहिल्या जूनमध्ये दोन बायका पोरांची नावं घालायला आल्या होत्या. त्यांना चहा देऊन परत पाठवलं. त्यातली एक अजून आमच्याकडे दूध घालते.

मेनू नाही. दाराशी एक फळा आहे, त्यावर सकाळी जे लिहू ते दुपारी मिळतं. आंब्याच्या दोन झाडांमध्ये नवऱ्याने जाळीचा झोपाळा बांधलाय, त्यात बहुतेक वेळ तोच असतो. शहरातली माणसं येतात आणि पहिल्या दिवशी विचारतात, इथे बघण्यासारखं काय आहे. मी सांगते, काही नाही. मग ती जराशी नाराज होऊन उसाच्या कडेने फिरून येतात. दुसऱ्या दिवशी ती झोपाळ्यासाठी नंबर लावतात, आणि तिसऱ्या दिवशी हळूच विचारतात की खोली आणखी एक रात्र मिळेल का. एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं होतं की मालकीणबाई कडक आहेत पण जेवण चांगलं आहे. मला त्यात काही चूक वाटली नाही.

हॉस्टेलची सवय म्हणून मी नियम मात्र केले आहेत. तीनच. खोलीची किल्ली देताना तोंडी सांगते. एक, गरम पाणी सकाळी नऊपर्यंत. दोन, कुत्र्याला टेबलावरचं घालायचं नाही, त्याचं पोट बिघडतं आणि मग रात्री तुम्हालाच झोप लागत नाही. तीन, गावात फिरताना कुणी 'आत या' म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. हा तिसरा नियम सुरुवातीला नव्हता. पण शहरातली माणसं गावात जायची, कुणीतरी 'पावणं, च्या घ्या की' म्हणायचं, आणि ही 'नो थँक्यू' म्हणून सरळ पुढे निघायची. मग दुसऱ्या दिवशी दुकानात मला ऐकून घ्यावं लागायचं, तुमची पावणं लई शिष्ट हाईत. म्हणून नियम केला. चहा प्या, दोन मिनिटं बसा, या. सगळ्यांना आवडलेला नियम तोच.

स्वयंपाक अक्का करतात. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, आणि आवाज असा की फोनची गरज पडू नये. पहिल्या महिन्यात त्या अंडी विकायला आल्या होत्या. मी जेवत होते. त्यांनी माझ्या वाटीत बोट बुडवून चव घेतली.

"वैनी, ह्येला काय म्हणायचं?"

"आमटी."

"बरं," अक्का म्हणाल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या स्वतःच्या घरच्या चटणीची बरणी घेऊन हजर. आमच्याकडे चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला तिखट मसाला, वर्षाचा एकदम केलेला. पगार, वेळ, सुट्टी, काहीही न ठरवता त्यांनी चुलीचा ताबा घेतला. ठरवाठरवी नंतर झाली. सुट्टी त्यांनी वर्षातून दोनच दिवसांची मागितली, गावच्या यात्रेची.

यात्रा चैत्रात असते. पहिल्या दिवशी देवाला गोडाचा नैवेद्य, म्हणजे घरोघरी पुरणपोळी. दुसऱ्या दिवशी खारा, म्हणजे घरोघरी मटण. त्या दुसऱ्या दिवशी गावात चूल न पेटलेलं घर एकच असतं, ते आमचं. मी फळ्यावर लिहिते, 'आज स्वयंपाक बंद. गावात जेवा.' त्या दिवशी कुणी कुणाला जेवण विकत घेऊ देत नाही. पै-पाहुणे जीप भरभरून येतात. रस्त्याने चाललेला माणूस ओळखीचा असो नसो, हाताला धरून आत नेतात आणि जेवायला बसवतात. पुरुषांच्या पंगतींवर पंगती उठतात. बायकांचं जेवण दिवेलागणीला, उभ्याउभ्या, पातेल्याच्या तळाचं. आणि संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर एकच चर्चा, कुणाकडे किती माणूस जेवलं.

यंदा यात्रेच्या आधी चार दिवस अक्का आल्या त्या हसत आणि चिडत, दोन्ही एकदम.

"वैनी, भावाला नातू झाला."

"अरे वा. पेढे कुठे आहेत?"

"कसलं पेढं. सुवेर आलं की. धा दीस देवाच्या दारात यायचं न्हाय. म्हायेरचं एक माणूस यायचं न्हाय औंदा."

अक्कांचं माहेर निपाणीच्या बाजूचं. त्यांचे मालक जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्यात कंपनीत नवीन लागलेला, त्याला सुट्टी नाही. यात्रेला दोन जीप भरून यायची ती माहेरचीच माणसं.

"चार दीस दम काढला असता पोरानं तर काय साखर कारखाना बंद पडणार हुता?" अक्का म्हणाल्या. मग थोडा वेळ कांदा चिरला. "गोरं हाय म्हणत्यात. फोटू आलाय." फोटो त्यांनी मला त्या दिवशी तीन वेळा दाखवला.

एवढ्यावर राहिलं असतं तर ठीक होतं. पण अक्कांची जाऊ, म्हणजे धाकट्या दिराची बायको, शेजारच्याच घरात राहते. मधे छातीएवढी भिंत. तिच्याकडे यंदा सून नवीन आलेली, म्हणजे सुनेच्या माहेरची माणसं नक्की. तिने भिंतीवरून विचारलं होतं, "अक्का, औंदा मटान ठेवाय फ्रीजमधी जागा हाय न्हवं? न्हायतर आमचा मोठा हाय."

हे सांगताना अक्का भाकरी थापत होत्या. त्या दिवशीच्या भाकऱ्या फारच पातळ झाल्या.

"मग काय म्हणालात तुम्ही?"

"काय म्हणायचं? पंचवीस माणसाचं सांगून आलो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना आलो-गेलोच म्हणतात, अक्काही तशाच.

"पंचवीस? येणार कोण?"

"त्ये बगू की."

मी अक्कांना नऊ वर्षं ओळखते. 'बगू की' म्हणजे काहीही ठरलेलं नाही आणि रात्री झोप आलेली नाही. चार वर्षांपूर्वी मालक गेले तेव्हा भावकीत बोलणं झालं होतं की आता अक्काने यात्रेला वेगळी चूल मांडायचं कारण नाही, दिराकडेच जेवावं. अक्कांनी ऐकलं नव्हतं. घर माझं, देव माझा, चूल माझी, असं सांगून दर वर्षी वेगळा मांडव घातला. यंदा रिकाम्या मांडवात बसायची वेळ आली तर पुढच्या वर्षी तेच बोलणं पुन्हा निघणार, हे त्यांना कळत होतं आणि मलाही.

आमच्याकडे त्या आठवड्यात पाच पाहुणे होते. नाशिकचं एक निवृत्त जोडपं आणि डोंबिवलीच्या तीन शिक्षिका.

"माझे पाच पाठवते," मी म्हणाले. "तसंही त्या दिवशी त्यांना जेवायला कुठेतरी जावंच लागणार."

अक्कांनी हात थांबवला. "वैनी, मला गिऱ्हाईक नगं. पावणं पायजेत."

"त्या दिवशी कुठली गिऱ्हाइकं? बिल मी लावणार नाही. तुम्ही बोलवा, ते येतील."

"मग मी सोता बोलवाय येतो. तुमी सांगायचं न्हाय."

आणि खरोखर, गोडाच्या दिवशी सकाळी, रोज ज्या स्वयंपाकघरात सहा वाजता येतात तिथे न येता, नऊ वाजता इरकल नेसून त्या पुढच्या दाराने आल्या. पाहुणे नाश्त्याला बसले होते. अक्कांनी सगळ्यांना हात जोडले आणि म्हणाल्या, "उद्या दुपारी माझ्याकडं जेवाय यायचं. देवळामागं तिसरं घर. दारात मांडव हाय."

नाशिकचे काका सभ्य गृहस्थ. साखरेचा त्रास असल्याने घास मोजून खाणारे, भाकरीचे चार तुकडे करून त्यातले तीनच घेणारे. त्यांनी खिशाकडे हात नेला. "येऊ की. पण मग आम्ही तुम्हाला किती..."

मी चहाची किटली त्यांच्या बशीशेजारी जरा जोरात ठेवली.

"...किती वाजता यायचं?" काका म्हणाले. समजूतदार माणूस.

खाऱ्या दिवशी बारा वाजता पाचही जण चालत निघाले. एक किलोमीटरचं अंतर. गाडी नवरा घेऊन गेला होता. तो अकरालाच गावात जातो, यात्रेला त्याची सहा घरं ठरलेली असतात. मला टाकीत पाणी भरायचं होतं, चादरी वाळत घालायच्या होत्या. मी म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, मी येतेच. मोटर सुरू केली आणि कामाला लागले.

दीड वाजता अक्कांचा फोन.

"वैनी, पावणं निगालं का न्हाय अजून?"

"बाराला निघालेत."

 मागे कुठूनतरी हलगी ऐकू येत होती.

"मग गावानं गिळलं म्हणायचं," अक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तेव्हा मला माझा तिसरा नियम आठवला. दर पाहुण्याला किल्लीबरोबर देते तो. कुणी आत या म्हटलं तर नाही म्हणायचं नाही. आणि देवळामागे जायला अख्खं गाव ओलांडावं लागतं, खाऱ्या दिवशी, भर जेवणाच्या वेळी. नऊ वर्षं या गावात राहून माझ्या हे लक्षात यायला नको होतं का? हॉस्टेलवर एखाद्या मुलीने असं केलं असतं तर मी तिला उभं करून विचारलं असतं.

स्कूटर काढली. गावात शिरल्यावर दुसऱ्याच मांडवापुढे चपलांच्या ढिगात काकांचे पांढरे बूट दिसले, नारिंगी नाड्यांचे. काका आत पंगतीत होते. शेजारी माझा नवरा.

"अगं, हे रस्त्याने चालले होते," नवरा म्हणाला. "म्हटलं, दोन घास खाऊन जा."

काकांच्या पुढ्यात सुकं मटण, वाटीत पांढरा रस्सा, आणि तीन तुकड्यांचा कुठे मागमूस नाही. वाढणारा हात आडवा घालायलाही देत नव्हता.

"काका, तुम्हाला अक्कांकडे जायचं होतं."

"तुमचा तिसरा नियम, बाई," काका म्हणाले. कपाळावर घाम होता. "हे माझं दुसरं घर आहे. पहिल्या घरात त्यांनी हातावर पाणीच घातलं, मग काय करणार."

काकू गल्लीत पुढे सापडल्या, बायकांच्या घोळक्यात, मांडीवर कुणाचंतरी तान्हं घेऊन. त्याही जेवल्या होत्या. शिक्षिकांपैकी दोघी मुलाण्याच्या घरी. मुलाणी त्या दिवशी पहाटेपासून गावभर बकरी कापत फिरलेला असतो, तो दुपारी अंगणात खाट टाकून पडला होता आणि त्याची बायको या दोघींना तिसऱ्यांदा रस्सा वाढत होती. तिसरी शिक्षिका शाकाहारी. तिचे हाल सगळ्यात वाईट. मटण खात नाही म्हटल्यावर प्रत्येक घराने आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्या काढल्या होत्या, वर तूप, वर दूध. ती अक्कांच्या जावेच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती आणि जाऊ तिला म्हणत होती, "येवडीच खा की. मास्तरीण हायसा, ताकद नगं व्हय?"

सगळ्यांना गोळा करायला अडीच वाजले. मी स्कूटर ढकलत मागे आणि ते पाच पुढे, हळूहळू, पोटावर हात ठेवून. वाटेत दोन दारांतून हाका आल्या. "वैनी, पावणं आमच्याकडं बी येऊ द्या की." मी मोठ्याने न्हाय म्हणाले. नियम मीच मोडला.

अक्कांच्या दारात मांडव होता. सतरंज्या अंथरलेल्या, त्यावर एक सुरकुती नाही. पत्रावळ्यांचा गठ्ठा, पाण्याची कळशी, लिंबाच्या फोडी ओल्या कापडाखाली. तीन दगडांच्या चुलीवर भलंमोठं पातेलं, त्यावर ताट झाकलेलं, ताटावर निखारे. अक्का पायरीवर बसल्या होत्या, तेच इरकल नेसून. आम्हाला बघून उठल्या.

"बसा," त्या म्हणाल्या.

कोणी बसेना. शेवटी काका पुढे झाले. "अक्का, माफ करा. मी बसतो, पण माझ्याने आता फक्त ताक जाईल. तेही अर्धी वाटी."

शाकाहारी बाईंना तर ताक हा शब्दही सोसला नाही, त्या मांडवाच्या खांबाला धरून उभ्या राहिल्या.

अक्का रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज मला माहीत आहे, चढतो आणि उतरतो.  पण त्यांनी पातेल्याकडे बघितलं, सतरंजीकडे बघितलं. भिंतीपलीकडून जावेच्या अंगणातली शेवटची पंगत उठल्याचा गलका येत होता.

"चूक माझी आहे, अक्का," मी म्हणाले. "यांना मीच सांगितलं होतं, नाही म्हणायचं नाही म्हणून."

"बरुबर सांगितलंसा," अक्का म्हणाल्या. "न्हाय म्हणायचंच न्हाय. कुणाकुणाच्यात जेवलासा?"

शिक्षिकांनी प्रत्येक दाराचे फोटो काढले होते, रांगोळ्यांसाठी. अक्कांनी फोन हातात घेऊन एकेक दार ओळखलं. पाच घरं निघाली. पाचवं जावेचं.

"वैनी, वाजलं किती?"

"तीनला दहा कमी."

"आत्ता गावात उपाशी कोण हाय?"

"कोणी नसेल. सगळं गाव जेवलंय."

"सगळं कुटं?" अक्का म्हणाल्या. "ज्या वाढाय लागल्यात त्या कुटं जेवल्यात?"

पदर खोचला आणि निघाल्या. मी मागोमाग.

पहिल्या घरात बाई चुलीपुढे बसून पंख्याने वारा घेत होती.

"माझं पावणं तुमी जेवाय बसीवलं," अक्का म्हणाल्या.

"अगं आई गं, तुजं हुतं व्हय? मला काय ठाव. रस्त्यानं चालल्यालं."

"असू दे. चांगलं केलंस. आता तू चल जेवाय."

"मी? कालवण आवरायचं हाय, भांडी..."

"माझं माणूस न्हाय म्हणालं न्हाय. तू कशी म्हणतीस?"

त्या बाईने पंखा खाली ठेवला.  ती उठली. तिची सासुरवाशीण मुलगी यात्रेला आलेली होती, ती उठली. नणंद उठली. तीन घरं होईपर्यंत आमच्यामागे चांगली रांग झाली होती. हाताला कालवणाचे डाग, डोळे धुराने लाल. मुलाण्याची बायको म्हणाली, "थांबा, तोंड तरी धुतो." अक्का म्हणाल्या, "जेवून धू."

जावेच्या दारात अक्का क्षणभर थांबल्या. जाऊ ओट्यावर नव्या सुनेबरोबर परात घासत होती.

"काय अक्का," ती म्हणाली, "वरात कुणाची?"

"तुजीच. ऊठ. सुनंला बी घे."

"मटान उरलंय म्हणून बोलवाय आलीस व्हय?"

"उरलंय की. पंचवीस माणसाचं. सकाळधरनं पोटात काय गेलंय तुज्या?"

जाऊ सुनेकडे बघायला लागली. सून खाली बघून म्हणाली, "च्या घेतलाय. दोन बार."

"बग," अक्का म्हणाल्या.

मांडवात बायका बसल्या. ओळीने, मांडी घालून, पुरुष बसतात तशा. आधी जरा अवघडल्या, कुणी अर्धी उठायला लागली, पाणी तरी भरतो म्हणून. अक्कांनी डोळे मोठे केले तशी बसली. आता प्रश्न होता तो वाढणार कोण हा. अक्का एकट्या आणि मी एकटी, आणि मी वाढायला उठले तर अक्का म्हणाल्या, "तुमी बसा वैनी. तुमी बी सकाळधरनं उपाशीच हायसा." ते खरं होतं.

तेव्हा काकांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"द्या ती बादली इकडे," ते म्हणाले. "जेवता येत नाही, पण वाढता येईल."

काकूंनी लगेच फोन काढला. "याचा व्हिडिओ घेते. घरी हा माणूस पाण्याचा तांब्या उचलत नाही. मुलांना पाठवते."

शिक्षिकांनी भाकऱ्या घेतल्या. शाकाहारी बाईंनी कांदा-लिंबू घेतलं, बाकीच्या वासाकडे पाठ करून. अक्कांनी झाकण काढलं. काका तांबड्या रश्श्याची बादली घेऊन ओळीच्या टोकाला उभे राहिले आणि पहिल्या वाटीत अर्धी पळी घातली.

"पावणं, हात का आकडलाय?" पहिली बाई म्हणाली. "आमी काय सासरी आलोय?"

"बस म्हणा, मग थांबतो."

"आमच्यात बस म्हणत न्हाईत."

मग काका थांबले नाहीत. दुसऱ्या फेरीला त्यांनी पांढरा रस्सा घेतला, तिसऱ्या फेरीला भात. बायकांनी त्यांना चांगलंच कामाला लावलं. पावणं, हिकडं. पावणं, तिकडं दोन वाट्या रिकाम्या हाईत. पावणं, नाशकात असंच वाढत्यात व्हय, वाटीत कमी आणि पायावर जास्त? त्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर तांबडे थेंब पडले ते अजून गेले नसतील. गल्लीतून जाणारे पुरुष मांडवापुढे थांबून बघायला लागले. त्यात माझा नवराही होता. मुलाण्याच्या बायकोने त्याच्या हातात पाण्याची कळशी दिली. तो मुकाट्याने पाणी वाढू लागला.

मी जेवले. रस्सा गरम होता. आमच्या धंद्यात गरम जेवण पाहुण्यांना जातं. मी दोनदा भात घेतला आणि तिसऱ्यांदा फक्त रस्सा प्याले. शेजारची बाई म्हणाली, "वैनी, तुमी तर लई जेवतासा की." मी म्हटलं, रोज बघतेच आहे, एकदा खाऊन बघते.

मटण संपलं. भात दुसऱ्यांदा टाकावा लागला, कारण मधेच आणखी चौघीजणी आपणहून येऊन बसल्या होत्या. जाऊ उठून हात धुऊन आली, पातेलं कलतं केलं आणि आत बघितलं.

"अक्का," ती म्हणाली, "फ्रीजमधी ठेवाय काय न्हाय की."

"तुजा मोठा हाय न्हवं?" अक्का म्हणाल्या. "जा, बर्फ आण. पाण्यात घाल सगळ्यास्नी."

जाऊ हसली आणि गेली. बर्फ आणला, आणि दुसऱ्या हातात झाकलेलं ताट. कारण अक्कांसाठी खरोखरच काही उरलं नव्हतं. अक्का पायरीवर बसून ते ताट जेवल्या. जाऊ शेजारी उभी.

"मीठ कमी हाय," अक्का म्हणाल्या आणि सगळं संपवलं.

संध्याकाळी आम्ही परत आलो तर अंगणात पाणीच पाणी. टाकीची मोटर सहा तास चालू होती. कर्दळीत तळं झालेलं, कुत्रा पायरीवर चढून बसलेला. नवरा चिखलातून झोपाळ्यापर्यंत गेला, आडवा झाला आणि म्हणाला, आता कुठे इथे समुद्र आला. मी मोटर बंद केली. काका आपल्या साखरेचं यंत्र घेऊन बसले, आकडा बघितला आणि कुणाला न सांगता यंत्र पिशवीत ठेवून दिलं. रात्रीच्या जेवणाबद्दल पाचांपैकी कोणीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला अक्का मागच्या दाराने आल्या. रोजचंच जुनं लुगडं. मी फळा पुसत होते.

"काय लिहू?"

"पिठलं लिवा. मटान आज कुणाला दाखवायचं बी न्हाय."

मी पिठलं लिहिलं. अक्कांनी चूल पेटवली, मिरच्या चिरल्या. आज त्या फोटो दाखवत नव्हत्या, पण काहीतरी सांगायचं होतं हे दिसत होतं. शेवटी मीच विचारलं, कट्ट्यावर काय म्हणतात.

"काय म्हणत्यात. अक्काकडं किती माणूस जेवलं, म्हणून इचारत्यात. दीर बी इचारून गेला. मी सांगितलं, मी काय मोजत बसतो व्हय?"

"खरंच मोजली नाहीत?"

"येकतीस," अक्का म्हणाल्या आणि पिठल्याला फोडणी टाकली.